मित्राने दिलेला कार्बोरेटर

जुन्या गाडीचं इंजिन मी शर्यतीसाठी तयार करत होतो. कार्बोरेटर कुठला बसवू, असं शाळेपासूनच्या मित्राला विचारलं. तोही त्याच शर्यतीत उतरणार होता. त्याने आपल्या गाडीचा जुना कार्बोरेटर आणून दिला. म्हणाला, "डोळे झाकून बसव. हा दगा देणार नाही."

शर्यतीत वेग घेताच माझं इंजिन गुदमरून बंद पडलं. मित्र शेजारून पुढे निघून गेला.

सातिवलीच्या गॅरेजवाल्याने कार्बोरेटर उघडला. "हा तुमच्या मित्राचाच ना? बॉडी वाकलीय, फटीतून जादा हवा खेचतो. म्हणून मीच त्याला बदलायला लावला होता."

मी मित्राला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "अरे, शर्यत होती ती."

माणिकपूरला तो अजून दिसतो. हातही करतो. माझा हात वर जात नाही.