आईनं भर बैठकीत सांगितलेला आजार

मी कर्जतजवळच्या पोशीर गावची. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर काम करते. बहुतेकदा हा कॅन्सर शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका विषाणूमुळे होतो. विषाणू पेशीत ठाण मांडतो आणि तिला बेसुमार वाढवणारी प्रथिनं तिच्याकडूनच बनवून घेतो. त्यासाठीचा निरोप आरएनएतून जातो. तो वाटेतच तोडणारे आरएनएचे छोटे तुकडे आम्ही बनवतो.

या कामाकडे मी वळले ती आईमुळे. पाळी थांबून वर्षं झाल्यावर तिला पुन्हा रक्त जाऊ लागलं होतं, पण भाताची लावणी उरकेपर्यंत ती कुणाला बोलली नाही. पुढं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक घ्यावे लागले, ती बरी झाली. गावात मात्र ‘पोटाचं ऑपरेशन’ एवढंच सांगायची.

आमच्या तुकड्यांनी कॅन्सरच्या पेशी पहिल्यांदा मरू लागल्या, त्या आठवड्यात मी घरी गेले. आई पडवीत वाल सोलत होती. तिला ही बातमी सांगितली.

“मंग आता हा आजार जाईल?”

“अजून नाही गं. हे प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर चाललंय. माणसांपर्यंत यायला वेळ लागेल.”

“तवर बायांनी काय करायचं?”

“तपासून घ्यायचं. पोरींना लस द्यायची.”

“मंग ते सांग ना हितल्या बायांना.”

गावातल्या नर्सबाईंनी शाळेत बैठक ठेवली. डोंगराखालच्या वाडीवरच्या बायाही आल्या. मी चित्रं दाखवून बोलले. तपासणीला कोण येणार म्हटल्यावर एक शेजारीण म्हणाली, “असलं आमाला नाय होत. वाईट चालीच्या बायांना होतं.”

आई उठून उभी राहिली. “मला झालता. माझी चाल समद्यांनी बघितलीय.”

तीच शेजारीण हळूच म्हणाली, “तपासताना दुखतं का गं?”

“जरा अवघडल्यावानी होतं. लगेच उरकतं,” आई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात आई टेंपोभर बाया घेऊन कर्जतला दवाखान्यात गेली. मीही सोबत होते. “एवढ्या जणींना कोणी आणलं?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“माझ्या आईनं,” मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण रांगेतल्या सगळ्या वळून बघू लागल्या.

वाडीवरच्या एकीच्या तपासणीत कॅन्सरच्या आधीचे बदल दिसले. तिच्यावर वेळेत उपचार झाले. पावसाळ्यात ती रानातली करटुली घेऊन आईला भेटायला आली.