वजन ठेवा, चावी न्या

मंगळवार, दहा जून. पालिकेचं सभागृह. हजर: बांधकाम विभागाचे अभियंता साहेब, आमच्या संस्थेचे अध्यक्ष, चिटणीस म्हणून मी, व्यापारी मंडळाचे दोन प्रतिनिधी, सुकी मासळी विकणाऱ्या बायकांच्या वतीने हिराबाय, आणि गिरणीवाल्या काकू. काकूंच्या नावापुढे मी कंसात लिहिलं आहे: दाराजवळ, अर्धा वेळ.

ती माझी चिडचीड होती. बैठकीला आलेल्या माणसाने बसावं, अशी माझी साधी अपेक्षा असते. काकू मात्र सारख्या उठत होत्या. विषयही लहान नव्हता. गावची जुनी बाजारपेठ सावरायला पालिका आणि आमची संस्था एकत्र आली होती. गिऱ्हाईक बोईसरच्या मोठ्या दुकानांकडे वळलं होतं, पावसात मधली गल्ली गटाराच्या पाण्याने भरत होती, संध्याकाळी निम्मे दिवे बंद असत. करार झाला होता. बांधकाम पालिकेने करायचं, देखभाल आणि दुकानदार-विक्रेत्यांशी बोलणं आमच्याकडे.

साहेब भिंतीवर नकाशा दाखवत होते. फरशी, दिवे, झाडं, बाकडी. तेवढ्यात दारात सुक्री येऊन उभी राहिली. ही मासवणकडून रानभाज्या घेऊन येते. तिच्या हातात शेवळांची जुडी होती.

"भाजी नंतर घ्या, काकू. मीटिंग चालू आहे," साहेब म्हणाले.

"भाजी नाय साहेब. तुमच्या नकाशात नाय, ते मागायला आली ती."

काकूंनी कमरेची चावी सोडून सुक्रीला दिली, जुडी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि परत नकाशाकडे बघू लागल्या.

ती चावी त्यांच्या गिरणीमागच्या संडासाची होती. बाजारात सकाळी पहिल्या गाडीने येऊन अंधार पडेपर्यंत बसणाऱ्या बायकांना जायला दुसरी जागा नव्हती. स्टेशनात सोय होती, पण तिथून परत येईपर्यंत टोपलीवर कावळे आणि गिऱ्हाईक दोघंही हात मारून जात. काकूंचा नियम साधा होता: वजन ठेवा, चावी न्या. बाईने आपल्या तराजूचं एक वजन गिरणीच्या गल्ल्यावर ठेवायचं आणि चावी घ्यायची. चावी परत आली की वजन परत. गल्ल्यावरचं वजन बघून काकूंना कळायचं की कोणाची टोपली उघडी आहे. मग त्या गिरणीतूनच ओरडायच्या, "ओ शर्टवाले, हात नका लावू सुकटीला, येतेय ती!" सुक्रीकडे तराजू नव्हता, ती वाटे लावून विकायची. म्हणून तिची जुडी.

हा नियम कशासाठी, असं मी एकदा विचारलं. चावी हरवू नये म्हणून असेल, असा माझा अंदाज होता. काकू म्हणाल्या, "फुकट दिली तर मागायला लाजतात गो. वजन ठेवलं की देवाणघेवाण झाली. ताठ मानेनं जातात."

काकूंचं आयुष्य दोन जात्यांच्या घरघरीत गेलेलं. तांदळाचं जातं वेगळं, गव्हाचं वेगळं; नागली आली तर तांदळाच्या जात्यावर, तीही जातं झाडून. त्या आवाजामुळे त्यांना हळू बोलणं माहीत नव्हतं. बैठकीत माझ्या कानाशी त्या कुजबुजल्या तरी अध्यक्षांपर्यंत पोचायचं. भुवयांवर कायम पीठ. आणलेल्या दळणावरून घरातली बातमी त्यांना कळायची. "काय गो, भाकरी बंद केलीस? साखर निघाली काय?" असं भर दुकानात विचारायच्या आणि बाई लाजली की तिच्या डब्यात मूठभर पीठ जास्त जायचं. मला त्या यादीबाय म्हणायच्या, कारण माझ्या हातात कायम कामांची यादी असते. "यादीबाय, तुझ्या यादीत खालून वर वाचत जा कधीतरी. खालची कामं म्हातारी होतात."

प्रत्येक योजनेवर त्यांचा एकच प्रश्न असायचा: "आणि बाई कुठं जाईल?" दिव्यांचे खांब कुठे, यावर चर्चा चालली की हा प्रश्न. कमानीचा रंग कोणता, यावर चालली की हा प्रश्न. व्यापारी मंडळाचे लोक हसायचे. बाकड्यांचा विषय आला तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. काकू म्हणाल्या, "बाकडं छान हाय साहेब. पण बसायचंच काम करतात त्या सकाळपासून. उठून जायला जागा दावा."

त्यानंतर महिलांसाठी प्रसाधनगृह आराखड्यात आलं. भाजीगल्लीच्या तोंडाशी, पालिकेच्या मोकळ्या जागेत. त्याच बैठकीत दुसरी अडचणही निघाली. नवं गटार सरळ न्यायचं तर काकूंचा संडास वाटेत येत होता. जागा त्यांच्या नवऱ्याच्या नावाची, परवानगीचा जुना कागद त्यांच्याकडे होता. त्या नाही म्हणाल्या असत्या तर काम अडलं असतं. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"पावसात सुक्री गुडघाभर घाणीत बसते," त्या म्हणाल्या. "गटार होऊ दे. पण आधी नवा उघडा, मग जुना पाडा. लिही गो यादीबाय."

मी लिहिलं. ठराव एकमताने झाला.

पुढे जे झालं त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता, हे मला आजही वाटतं आणि त्यामुळेच ते जास्त टोचतं. गटाराच्या कामाला जेसीबी आला होता. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या गावाला जाणार होता आणि परत कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं. नव्या प्रसाधनगृहाच्या भिंती छतापर्यंत आल्याच होत्या. "आठवडा-पंधरवड्याचा प्रश्न आहे, काकू," साहेब म्हणाले. आमचे अध्यक्षही तेच म्हणाले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतींकडे पाहिलं. त्या खरंच छतापर्यंत आल्या होत्या. "होईल म्हणता, तर पाडा," काकू म्हणाल्या.

मशीन मागच्या बोळात वळलं तेव्हा काकू एकदम धावत पुढे आल्या आणि त्याच्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, काकूंचं मन बदललं.

"माताजी, हटो ना. टाइम जा रहा है," वरून चालक ओरडला.

"आत बाई हाय! बाहेर येऊ दे तिला, मग काय पाडायचं ते पाड!"

गल्ल्यावर हिराबायचं अर्ध्या किलोचं वजन होतं. ते फक्त काकूंनी पाहिलं होतं. मशीन बंद झालं. बोळाच्या तोंडाशी साहेब, मजूर, व्यापारी मंडळ, बघे, असे सगळे उभे. दार उघडून हिराबाय बाहेर आली. चौघांत भांडण काढून जिंकणारी बाई, पण त्या दिवशी पदर डोक्यावरून पुढे ओढून, कोणाकडे न बघता सरळ आपल्या टोपलीकडे गेली. चावी तिच्या मुठीतच राहिली आणि वजन गल्ल्यावर. तिच्यामागे भिंत पडली.

प्रसाधनगृह पूर्ण झालं. गुलाबी रंग, दारावर बाईचं चित्र, पायऱ्यांशेजारी उतार, गच्चीवर टाकी. फीत कापली गेली, फोटो झाले, पेढे वाटले. संध्याकाळी दाराला कुलूप लागलं, कारण टाकीत पाणी नव्हतं. मी कंत्राटदाराला गाठलं. त्याने सरळ हात वर केले. "मैडम, टंकी मेरे काम में है. पानी मेरे काम में नहीं है."

पाणी कोणाच्याच कामात नव्हतं. नळजोडणीच्या अर्जावर नाव लागतं. पालिकेचं म्हणणं, देखभाल संस्थेची, तेव्हा अर्ज संस्थेने करावा. आमचं म्हणणं, इमारत पालिकेची, दुसऱ्याच्या मालमत्तेवर आम्ही अर्ज कसा करणार? करार तयार करताना दोन्हीकडच्या हुशार माणसांनी प्रत्येक काम कोणाचं ते वाटून घेतलं होतं आणि नळ दोघांच्या मध्ये पडला होता. बैठकांवर बैठका झाल्या. एकदा काकू वैतागून म्हणाल्या, "मग माझ्या नावानं करा ना! माझ्या नावावर दोन नळ होते आणि एक नवरा. तिघांनाही वेळेवर सांभाळलं."

सगळे खूप हसले. नियमात बसत नाही, असं ठरलं.

त्या दिवसापासून काकूंनी बैठकीत पाणी घेणं बंद केलं. चहाही नाही. शिपाई ग्लास पुढे करायचा, त्या मान हलवायच्या. मला वाटलं, निषेध आहे, चालेल. मग कळलं की गिरणीतही त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. स्वतःचा संडास गेल्यावर त्याही बाजारातल्या इतर बायकांसारख्याच झाल्या होत्या. घर लांब, गिरणी सोडून जाता येत नाही.

"काकू, शेजारच्या डॉक्टरांकडे जा ना. तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत," मी म्हटलं.

"मला नाय म्हणणार नाय. सुक्रीला म्हणतील. मग मी कशी जाऊ?"

"तब्येत बिघडेल."

"माझ्या सांगण्यावर त्या विसंबल्या गो. मी म्हटलं, होईल. म्हणून कोण भांडलं नाय."

ऐन उन्हाळ्यात काकू गिरणीतच चक्कर येऊन पडल्या. मूत्रपिंडाला सूज होती. बरेच दिवस दवाखान्यात गेले. मुलगा बोईसरच्या कारखान्यात कामाला आहे, तो त्यांना सरावलीला स्वतःच्या घरी घेऊन गेला. गिरणी बंद झाली. पट्टे काढून ठेवताना त्याने मला विचारलं, "तुमच्या संस्थेला जागा हवी का, सामान ठेवायला?" मी नको म्हटलं.

आता आमच्या बाजारात फरशी चांगली आहे. गल्लीत पाणी साचत नाही. दिवे सगळे लागतात. सुक्री मात्र दुपारच्या आत गाडी धरते, उरलेली भाजी पडेल त्या भावाने देऊन. तिच्याबरोबरच्याही बऱ्याचजणी तशाच जातात. त्या गेल्या की त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईक जातं, आणि ते गेलं की किराणावाला गल्ल्यावर डुलक्या घेतो. बाजार सावरायला आम्ही निघालो होतो. संध्याकाळी दिव्यांखाली बाकडी रिकामी असतात.

सरावलीला मी अधूनमधून जाते. मी चप्पल काढायच्या आत काकूंचा प्रश्न यायचा, "उघडला?" मी म्हणायचे, "नळाचं चाललंय." "चाललंय चाललंय करत पोचत नाय ते काय कामाचं?" असं म्हणून त्या आत वळायच्या. मग चहा, मग सुनेच्या तक्रारी, मग मुलाचं कौतुक. पण पहिला प्रश्न तोच. मला त्याची सवय झाली होती. खरं तर त्याच्या धाकाने मी जाण्याआधी पालिकेत एक चक्कर मारून यायचे, काहीतरी सांगता यावं म्हणून.

मागच्या खेपेला त्यांनी विचारलं नाही. माझ्या गुडघ्याचं विचारलं. साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं का, ते विचारलं. शेवळं आली का, काय भाव आहे, तेही विचारलं. मी वाट बघत होते. निघताना त्यांनी तांब्या भरून पाणी आणलं आणि माझ्या हातात दिलं.

"नको काकू, आत्ताच चहा झाला."

"पी गो. इथं सोय हाय."

मी पूर्ण तांब्या प्यायले. त्यांनी कपाटातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. हिराबायचं अर्ध्या किलोचं वजन. "त्या दिवशी गल्ल्यावर राहिलं. तिला नेऊन दे. माझ्याकडं आता कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले. हिराबाय जवळा निवडत बसली होती. मी फडकं सोडून वजन तिच्यापुढे धरलं. तिने ते ओळखलं, पण हात पुढे केला नाही. कमरेच्या बटव्यातून लाल दोऱ्याची चावी काढून मला दाखवली.

"चावी माझ्याकडं हाय ना. चावी दिल्याबिगर वजन न्यायचं नाय, काकूचाच कायदा."

"मग चावी दे, मी पोचवते त्यांना."

"कुठल्या दाराची पोचवशील? ते भंगारात गेलं." तिने चावी परत बटव्यात टाकली. "नव्या दाराची आण. मी जाऊन येते, ती तुझ्या हातात देते, मग वजन नेते. तवर राहू दे तुझ्याकडं. आणि लवकर कर गो यादीबाय, मी पहाटेपासून बसलेय."

वजन माझ्या टेबलावर, प्रसाधनगृहाच्या कागदांवर ठेवलेलं आहे. काकूंनी सांगितलं होतं तशी मी यादी आता खालून वर वाचते. पहिलं काम: नळजोडणीचा अर्ज. सगळा भरून झाला आहे, फक्त अर्जदाराच्या नावाची ओळ अजून रिकामी आहे.