चूक पायाने गेली, दुरुस्तीही पायानेच

गायकवाड बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात कलेक्टर कचेरीबाहेर पत्रकं वाटत होते. फोन रोहितचा, माझ्या धाकट्या भावाचा. "ताई, बाई गेल्या. सकाळी छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलेलं, पण..." संध्याकाळी घरी येऊन मी रडले नाही, लिहायला बसले. मथळा लगेच सुचला: 'हलगर्जीपणाने घेतला बाईंचा बळी'. दवाखान्यावर पानभर नुसता जाळ. आज महिना उलटून गेला, तो कागद अजून छापलेला नाही. याला कारणही बाईच.

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या आमच्या चाळीत बाई चार घरं सोडून राहायच्या. ठाण्याच्या एका कॉलेजात त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. प्राध्यापकांसाठी स्लाइड लावता लावता स्वतःही सूक्ष्मदर्शकात डोकवायला लागल्या, आणि ते वेड निवृत्तीनंतरही सुटलं नाही. मी काम करते त्या वस्ती संघटनेचं प्रत्येक पत्रक छापायच्या आधी मी त्यांच्याकडे न्यायचे. दारातल्या लोखंडी खुर्चीत बसून, शिसपेन्सिल घेऊन, त्या समासात एकच शेरा मारायच्या: 'कोणी सांगितलं?' माझं डोकं फिरायचं. "बाई, हे सगळ्यांना माहितीये." "अगं पत्रकवाली, मग त्या सगळ्यांतल्या एकाचं नाव सांग की."

एकच पत्रक मी त्यांना न दाखवता छापलं. दोन वर्षांपूर्वी वस्तीत तापाची साथ होती आणि नाक्यानाक्यावर प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पुड्या विकणारे बसलेले. त्यातच रोहितला ताप आला, चार दिवसांत उतरला आणि पाचव्या दिवशी तो कबड्डीच्या सरावाला गेला. मैदानातच खाली बसला. कल्याणच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलीये. प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे गोळा होतात, कधी त्यांच्यामुळेही इजा होते. मी तेवढंच उचललं. पुडीवाल्यांना झोडपायच्या नादात मथळा दिला: 'आपल्याच पेशी हृदय पोखरतात, त्यांची ताकद वाढवू नका'. मोहन्यातल्या घराघरांत ते मी स्वतः फिरून वाटलं. शेजारच्या काकांनी कौतुकाने एक प्रत वॉर्डात नेऊन रोहितला दिली.

दुसऱ्या दिवशी बघते तर पोरगं छातीवर हात ठेवून छताकडे बघत पडलेलं. जेवण तसंच. "ताई, माझं अंगच मला मारतंय ना? मग गोळ्या कशाला देतात?"

बाईंना कळलं तशा त्या दुपारच्या भेटीच्या वेळेला वॉर्डात हजर. सरळ त्याच्याजवळ बसल्या. "रोहित, उल्हास नदीचं पाणी चाळीत शिरलेलं, आठवतंय? गाळ कोणी काढला?" "आपणच." "आणि बाहेरून मदतीला धावत आले, त्यांनी?" "त्यांनी पण काढला... पण घाईत दोन दारं मोडली." तो जरा हसला. "तुझ्या हृदयात तेच चाललंय. तिथे कायम वस्तीला असलेल्या पेशी आहेत, भक्षक पेशी म्हणतात त्यांना. मेलेल्या पेशींचा गाळ त्या उचलतायत, तो पडून राहिला तर सूज हटत नाही. बाहेरून आलेल्यांपैकी काहींचा हात जोरात चालतो, नुकसान होतं, ते खोटं नाही. पण त्यांना आवरणाऱ्या पेशीही असतात. सगळ्या शत्रू नाहीत रे. बरंचसं अजून शास्त्रज्ञांनाही नीट उलगडलेलं नाही. तू फक्त त्यांना काम करू दे. डॉक्टर सांगतील तितके महिने कबड्डी बंद." त्या दिवशी रोहित जेवला.

वॉर्डाबाहेर माझी पाळी. "दुरुस्ती छाप." मी म्हटलं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. "चूक पायाने गेली ना? मग दुरुस्तीही पायानेच जाईल." आणि गुडघे दुखत असताना ही बाई माझ्याबरोबर प्रत्येक दारात आली. माझ्याकडून 'आमच्याकडून चूक झाली' नाही, 'मी चुकले' असं म्हणवून घेतलं. एक आजी म्हणाल्या, "अगो, पयला कागद तर मी चपात्यांच्या डब्यात घातलाय." "मग तो काढून द्या, हा घाला," बाई म्हणाल्या. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. पण त्यानंतर वस्तीत माझं पत्रक लोक उभं राहून वाचायला लागले, हे मात्र खरं. मी मोर्च्यांत मोठमोठी माणसं पाहिली. चूक कबूल करायला जिने चढणारं माणूस हे एकच.

पुण्यानुमोदन, म्हणजे बाईंसाठीची बौद्ध वंदना आणि आदरांजली, झालं त्या दिवशी बाईंच्या मुलीने मला ती पेन्सिल दिली, बोटाच्या पेराएवढी उरलेली. घरी येऊन मी माझा तो पानभर जाळ पुढ्यात घेतला. मथळ्याशेजारी समासात, माझ्याच हाताने, लिहिलं: 'कोणी सांगितलं?' उत्तर होतं... कोणीच नाही. बाईंना किती वाजता नेलं, कोणी तपासलं, काय उपचार केले, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. परवा त्यांच्या मुलीबरोबर जाऊन इस्पितळात केसपेपर मागण्याचा अर्ज दिलाय. हलगर्जी निघाली तर छापेन, एक शब्द मऊ करणार नाही. नाही निघाली तर मथळा खोडेन.

बाईंची लोखंडी खुर्ची अजून दारातच आहे. रोहित आता पुन्हा खेळतो. काल मैदानाकडे जाताना तो तिच्यापाशी थांबला, शेजारी उभ्या असलेल्या माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाला, "छापलंस?"

"नाही. अजून विचारतेय."