मी वाचून दाखवलेलं पत्र

न कळलेलं पत्र मी एकदा कळल्यासारखं वाचून दाखवलं. मूर्खपणाचे प्रकार मी जन्मभर पुष्कळ केले, बाकीचे सांगताना नातवंडांबरोबर मीही हसते. हा सांगायला घेतला की तोंड कडू होतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आमच्या सणसर गावात मॅट्रिक झालेली मुलगी मी एकटीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. कालव्याच्या पाटावर धुणं धुवायला जातानाही कमरेला फौंटनपेन. शाई गळून लुगड्याला डाग पडला, तर तो लोकांना दिसेल असा पदर घ्यायची. असलं ध्यान!

शेजारी माझी मैत्रीण राहायची. सातवीची फायनल झालेली, एकोणिसाव्या वर्षी नवरा वारला म्हणून माहेरी आलेली. तिला पुण्याच्या सरकारी ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली होती. पास झाली की शाळेत मास्तरीण, स्वतःच्या पायावर उभी. भावाचा भाजीचा मळा होता. त्यानं तिला बजावलं होतं, "येकदाच धाडीन. न्हाय जमलं तर मळा हायच."

तेवढ्यात बारामतीहून एक गृहस्थ आमच्या ओसरीवर आले. बंद गळ्याचा कोट, तोंडात विडा. आपण प्रिन्सिपॉल आहोत म्हणाले. बारामतीत त्यांनी कॉलेज काढलं होतं. तिथं शिक्षिकेचा डिप्लोमा, तोही विद्यापीठाचा, आणि एका वर्षात! सातवी झालेलीला विद्यापीठाचा डिप्लोमा कसा, अशी शंका कुणालाही आली असती. मी मॅट्रिक, मला कशी येणार?

"पुण्याला कशाला धाडता लेकीला?" म्हणत त्यांनी विद्यापीठाचं पत्र काढलं. माझ्या वडिलांनी, आबांनी, ते माझ्या हातात दिलं. "इंग्रजीत हाय. वाच गं."

शेजारून येऊन बसलेला मैत्रिणीचा भाऊ म्हणाला, "नीट वाच, बाय. तिच्या जल्माचं हाय."

मी वाचलं. मोठ्यानं, ठसक्यात. शब्द एकेकटे ओळखीचे वाटत होते, पण वाक्य एकही लागत नव्हतं. खाली लाल शिक्का होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मैत्रीण दाराआडून बघत होती.

"मान्यता मिळालीय," मी म्हणाले. "शिक्काच हाय की!"

प्रिन्सिपॉलनं माझ्याकडे बघितलं. मला काही कळलेलं नाही हे त्याला पुरतं कळलं होतं. (इथून पुढं मी त्याला अहोजाहो करणार नाही.) "हुशार आहे हो लेक," म्हणत त्यानं पत्राची घडी करून खिशात घातली. आणि मी फुगले!

तिनं पुण्याला नकार कळवला. आम्ही दोघी बारामतीत माझ्या आत्याकडे राहून त्याच्याकडे शिकू लागलो.

कॉलेज म्हणजे गुळाचं जुनं गोदाम. तळपाय जमिनीला चिकटायचे, वहीवर मुंगळे चढायचे. तो थुंकी लावून एकाच पुस्तकाची पानं उलटायचा, उतरवून द्यायचा, मध्येच खिडकीतून पिचकारी मारायचा. आम्हा दहा-बारा जणींना 'लेकींनो' म्हणायचा. आणि मी इतरजणींचे उच्चार सुधारायची!

परीक्षा तोंडावर आली तरी बसायचे नंबर येईनात. "टपालात आहेत, लेकींनो." शेवटी आम्ही दोघी छोट्या रुळांच्या आगगाडीनं दौंडला, तिथून पुण्याला विद्यापीठात गेलो. तिथल्या कारकुनानं फायलीतून त्याच पत्राची नक्कल काढली.

"अर्ज पोचला, एवढंच लिहिलंय यात. परवानगी मिळेपर्यंत वर्ग भरवू नका, असंही बजावलंय. तुम्हाला कुणी वाचून नाही दाखवलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"ते पत्र दुसरं असंल," मी म्हणाले. इतकं झाल्यावरही!

दुसऱ्या दिवशी गोदामात प्रिन्सिपॉलनं आमच्यासाठी चहा मागवला. "पुढच्या वर्षी मान्यता नक्की. आणि वर्ष फुकट कुठं गेलं? ज्ञान तर मिळालं!"

तिनं विचारलं, "माझी पुण्याची जागा घालवली, ती?"

"पुण्याचं काय घेऊन बसलीस!" ओठाच्या कोपऱ्यातून आलेला लाल ओघळ त्यानं बोटानं पुसला, आणि त्याच बोटानं समोरचे कागद चाळू लागला. ते नव्या पोरींचे अर्ज होते. एवढी किळस मला नाल्यात फुगून पडलेल्या जनावराचीही कधी आली नव्हती. चहा तसाच ठेवून आम्ही उठलो. पण त्या किळसवाण्या माणसाचं खोटं त्या दिवशी ओसरीवर खरं करून दिलं होतं मीच.

पुण्याची जागा केव्हाच दुसरीला गेली होती. भाऊ पुन्हा धाडणार नव्हता. सणसरला जाताना यष्टीत मी सारखी बडबडत होते, तुझ्या दादाला मी समजावते, आबांना मध्ये घालते. ती खिडकीबाहेर बघत होती. फाट्यावर उतरल्यावर तिनं ट्रंक डोक्यावर घेतली, आणि मळ्याच्या वाटेला लागण्याआधी माझ्याकडे वळून म्हणाली,

"कळलं न्हाय म्हनायचंस की गं. मी काय हसले असते व्हय तुला?"