बावीस नंबरचा दगड

निवृत्त फौजी माणूस घरात सांभाळणं म्हणजे काय असतं, ते त्याच्या बायकोला विचारावं. आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मी प्राथमिक शाळेतून, आणि दोघं गावी येऊन राहिलो. गाव येरळेच्या काठी, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर. पहिल्याच महिन्यात यांनी माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे केले. दुसऱ्या महिन्यात मी म्हटलं, "अहो, बाहेर काहीतरी काम काढा."

काम निघालं ते आमच्या उतारावर. माळापासून नदीपर्यंत सगळी जमीन ताली घालून टप्प्याटप्प्यानं खाली उतरलेली आहे. ताल म्हणजे दगडमातीचा मोठा बांध. एकेका टप्प्यावर एकेकाची द्राक्षबाग, बहुतेक खायच्या द्राक्षांची, आणि अलीकडे चार-पाच वाइनच्या द्राक्षांच्या. वाइनचं द्राक्ष बारीक, काळं, जाड सालीचं. तोंडात टाकलं तर खाणं थोडं आणि बिया थुंकणं फार. पण घड लागले की सगळा उतार असा नटतो, की माझी पुण्याची भाची दर फेब्रुवारीत मैत्रिणी घेऊन चालायला येते. माळावरून निघायचं, तालींच्या कडेकडेनं, बागांमधल्या पायवाटांनी उतरत नदीवर जायचं, पाण्यात पाय सोडून भाकरी खायची. हवा स्वच्छ असली तर माळावरून औंधचा डोंगरही दिसतो.

गेल्या खेपेला आठ जणी वाट चुकल्या आणि उसात शिरल्या. तासाभरानं भलतीकडे बाहेर पडल्या, त्याही कुत्रं मागे लागल्यावर. यांच्या मनाला ते फार लागलं. "आमच्या इलाक्यात पाहुणे रस्ता भटकतात म्हणजे काय? मार्किंग पाहिजे!" असं म्हणून दसऱ्याच्या आधी एका पहाटे यांनी चुन्याची बादली कालवली. शंभर पावलं मोजायची, ठळकसा दगड बघायचा, त्याला चुना फासायचा आणि त्यावर बाण काढायचा. बादली धरायला मी. बाजाराचा दिवस, त्यामुळे रानात बघायला कुणी नव्हतं.

आकडे घालायची कल्पना मात्र माझी. म्हटलं, नुसता बाण कशाला, प्रत्येक दगडाला नंबर द्या, म्हणजे कुणी चुकलं तर फोनवर सांगू शकेल की मी अमुक नंबरला उभी आहे. यांना ती फारच पटली. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी सांगायला नको, पण सांगते. तीस वर्षं फळा लिहिला आहे. यांनी गेरूनं बाण काढले, मी काळ्या तैलरंगानं आकडे लिहिले. एक ते सदतीस. संध्याकाळी नदीवर बसून आम्ही दोघांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

दोन दिवसांनी पाऊस झाला. चुना थोडा फिकटला, गेरूचे बाण पार धुऊन गेले. माझे आकडे जसेच्या तसे राहिले.

आता यात काय बिघडलं, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण त्याच्या महिनाभर आधी आमच्या डांबरी सडकेवर तिकाटण्यावर, म्हणजे तीन वाटा मिळतात तिथं, दुर्बीण लावून काही माणसं मोजणी करताना दिसली होती (ती नुसत्या डागडुजीची, हे मागाहून कळलं). आणि गावाकडे शेतातल्या दगडाला चुना आणि चुन्यावर नंबर याचा एकच अर्थ होतो. जमीन जाणार. रस्त्यात जाणार, नाहीतर कालव्यात जाणार, पण जाणार.

पारावर बोलणं सुरू झालं. चौपदरी रस्ता येतोय, म्हसवडकडून येतोय, थेट नदीवर पूल होणार. पराचा कावळा व्हायला आमच्या गावात दोन कप चहा पुरतो. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त तापले ते आमचे सुभेदार! लोकांनी सांगितलं, तालीवर सरकारी दगड लागलेत. यांच्या डोक्यात आपले दगड म्हणजे बाणवाले, पाहुण्यांसाठीचे. सरकारी म्हणजे दुसरेच कुठलेतरी. पाऊस झाल्यापासून हे तिकडे फिरकलेच नव्हते, गुडघा धरला होता. घरी येऊन मला म्हणाले, "न विचारता लोकांच्या रानात घुसून खुणा करतात. ही काय पद्धत झाली?" मीही मान डोलवली. म्हटलं, खरंच की.

आठवडा गेला. एका सकाळी मी एकटीच फिरायला म्हणून उतार उतरले. ऑक्टोबरात आमच्याकडे बागांची छाटणी होते. पानं, जुन्या काड्या सगळं कापून टाकतात आणि बाग नुसत्या खुंटांची उभी राहते. त्याच्यानंतर नवे डोळे फुटतात, त्यांतूनच घड येतात. रस्त्याच्या बोलण्यानं छाटणी कुणी थांबवली नव्हती; सगळा उतार असा बोडका झालेला, आणि मधोमध एकच बाग हिरवीगार. दुसऱ्या कुठल्याही महिन्यात ते बघून बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी वाट सोडून तडक तिकडे वळले.

बाग काकूंची, म्हणजे यांच्या चुलतीची. वय सत्तरीकडे झुकलेलं, काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा फौजेत दूर सरहद्दीवर. चार वर्षांपूर्वी काकूंनी कुसळाशिवाय काही न उगवणारा तो टप्पा साफ करून घेतला आणि वाइनच्या द्राक्षाची काडी लावली. लोक हसले. "म्हातारी आता दारू गाळनार व्हय?" म्हणाले. गेल्या वर्षी पहिलं खरं पीक आलं आणि हसणारे तोंड मिटून गप्प बसले.

काकू बागेतच, वेलीखाली बसल्या होत्या. हातात काही काम नाही. काकूंना मी रिकाम्या हातांनी बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

"काकू, छाटणी नाही केलीत?"

"छाटनीच्या टोळीला सांगितलं, येऊ नगा म्हनून."

"अहो, का?"

"रस्त्यात जातीया बाग. मरनाऱ्याला कशाला दाढी करायची?" आणि त्यांनी बोट दाखवलं. "लेकीकडं गेलती आठ दिस. आले तर ह्यो दगड."

बागेच्या तोंडाशी चुना फासलेला दगड होता. त्यावर बावीस. दोनाच्या शेपटीला मी देते तो बारीकसा बाक, तोही तसाच. तीस वर्षं मुलांना तो गिरवायला लावला होता.

"काकू," मी म्हटलं, "हे अक्षर माझं आहे."

त्यांना कळेना. मग मी तिथंच मातीत बसले आणि सगळं सांगितलं. पाहुण्या, ऊस, कुत्रं, बादली, गेरू, पाऊस. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे न्हाई जायाची?"

"नाही जायची."

"टोळी तर गेली की गं मिरजंकडं."

मी घरी आले तेव्हा हे ओट्यावर दोघा शेजाऱ्यांना घेऊन रस्त्याच्या विरोधात अर्ज लिहीत बसले होते. मी सगळ्यांदेखत सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ! यांनी पेनाचं टोपण लावलं, अर्जाची घडी केली. "गलती अपनी है," म्हणाले, आणि मग एकदम उठून, "चला, आधी दगड धुऊन काढू."

"दगड कुठं पळत नाहीत," मी म्हटलं. "छाटणीचं बघा."

टोळीच्या मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, वीस दिवस तरी जमायचं नाही. वीस दिवसांनी छाटायचं म्हणजे द्राक्षं तेवढीच उशिरा पिकणार, आणि वाइनवाल्यांनी माल उचलायची तारीख आधीच देऊन ठेवलेली. ती चुकली तर ही द्राक्षं बाजारात कोण घेणार? ना खायला चालतात, ना बेदाण्याला. काकूंचं अख्खं वर्ष आमच्या चुन्यात बुडणार होतं.

तेव्हा यांना इर्जिक आठवली. पूर्वी एखाद्याची पेरणी नाहीतर नांगरट अडली की सगळ्यांनी आपापले बैल घेऊन त्याच्या रानात उतरायचं, एका दिवसात काम उरकायचं, आणि त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. मजुरी नाही, काही नाही. बैल गेले तशी इर्जिकही गेली. बागेच्या छाटणीला तर कुणी ती कधी ऐकलीही नव्हती.

हे तडक ग्रामपंचायतीत गेले आणि स्पीकरच्या माइकपुढं उभे राहिले. मी स्वयंपाकघरात होते. सगळ्या गावाला ऐकू गेलं, मलाही: "रस्ता येणार नाही. चुना मी लावलाय. आकडे आमच्या मंडळींचे आहेत. त्यापायी काकूची छाटणी ऱ्हायलीय. उद्या सकाळी सातला काकूच्या बागेत इर्जिक. जेवण आमचं. कात्री ज्याची त्यानं आणावी." आकडे कुणाचे हे सांगायची काही गरज होती का? पण खोटं बोलणं यांना येत नाही, हीच तर माझी जन्माची तक्रार आहे.

रात्रभर मला एकच धास्ती. छाटणी उरकली तरी बागेची कामं सरत नाहीत, ज्याला त्याला आपली बाग. कोण येणार? सकाळी सात वाजता बागेत आम्ही दोघं, काकू आणि अर्ज लिहायला आलेले ते दोन शेजारी. यांनी घड्याळ बघितलं. काकू म्हणाल्या, "आसू दे रं. पाच तर पाच. व्हईल तेवढं करू," आणि पहिल्या वेलीला कात्री लावली.

साडेसातला वरच्या तालीवर बोलणं ऐकू आलं. माणसं एकामागे एक वाटेनं उतरत होती. एक जण मोठ्यानं ओरडला, "आवं बाई, बावीसला वळायचं का तेवीसला?" आणि सगळी रांग हसली. खालून नदीकडनं जैन शेजारी आले, त्यांच्या तिन्ही सुना कात्र्या घेऊन. नऊ वाजेपर्यंत मी मोजणं सोडून दिलं.

दिवसभर माझी जी टिंगल झाली ती मी इथं लिहिणार नाही. थोडी लिहिते. एकानं विचारलं, "बाई, घरावर एखादा आकडा टाकून देता का, विकायचं हाय." मी प्रत्येक काडीवर डोळे मोजून कापत होते तर काकू खेकसल्या, "मोजत बसू नगं. शाळा न्हाई ही!" त्या खेकसल्या याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू.

दुपारी चारला शेवटची ओळ झाली. इर्जिकीला मटण लागतंच, ते यांनी स्वतः रांधलं. जैन मंडळींसाठी मी कांदा-लसणाशिवायची आमटी आणि पोळ्या वेगळ्या चुलीवर केल्या, आणि सूर्य मावळायच्या आत त्यांची पंगत उठवली. दगड तसेच ठेवावेत असं पंगतीतच ठरलं, फक्त प्रत्येकावर 'पायवाट' असं लिहायचं. अक्षर बाईंचंच पाहिजे, असाही ठराव झाला.

दहा-बारा दिवसांनी काकूंचा सकाळीच फोन आला. "ये लौकर." मी गेले. बोडक्या काड्यांवर डोळे फुगले होते, पांढरट लव धरलेली, आणि एक-दोन ठिकाणी गुलाबी टोक बाहेर आलेलं. काकू एकेका वेलीपुढं थांबत होत्या, बोट लावत नव्हत्या, नुसतं वाकून बघत होत्या. मला राहवलं नाही.

"काकू, आमचं घर वर दोन तालींवर. एकदा विचारायचं तरी होतं, हा दगड कसला म्हणून."

त्यांनी पायाखालची एक छाटलेली काडी उचलून बाजूला टाकली. मग म्हणाल्या, "इचारलं आसतं आन् तुमी रस्त्याचाच म्हनला आसता, तर तितंच सपलं आसतं. न इचारता रोज येऊन बसत हुते. पानं हिरवी हुती तवर बाग माजीच हुती की."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला, मग सोडवून घेतला आणि पुढच्या वेलीकडे गेल्या.