काय कमी आहे तुला?

बिनसाखरेचा चहा म्हणजे शिक्षा. पंचवटीतल्या आमच्या घरात ही शिक्षा मी कित्येक वर्षं निमूट भोगली.

सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं आणि मी अंथरूण धरलं. घरात बाळाचा विषय कोणी काढायचं नाही, असं न बोलताच ठरलेलं. उलट येणारी प्रत्येक बाई विचारायची, "नवरा चांगला, घर चांगलं, काय कमी आहे तुला?" अस्सा संताप यायचा!

मग डॉक्टर म्हणाले, "मेंदूत एक रसायन कमी पडलंय. शुगरवाल्यांना गोळी लागते ना, तशी तुम्हाला ही." हुश्श! कमी काय, ते सापडलं. आता ही थेरं नव्हती, आजार होता. गोळीने मी उठले, आंघोळ केली, शाळेत शिकवायलाही जाऊ लागले. सासूबाईंनी मात्र त्यातलं 'शुगर' तेवढं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझा चहा वेगळा. मीही गप्प बसले. शुगरला कोणी थेरं म्हणत नाही.

परवा नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रसायन कमी म्हणून उदास, इतकं ते सरळ नसतं हो. गोळीचा तुम्हाला उपयोग झाला, हे खरंच. आता हवं तर हळूहळू कमी करू. स्वतःच्या मनाने बंद करू नका."

माझं डोकंच फिरलं. कमी नव्हतं? मग काय होतं, थेरं? रिक्षात बसवेना. पुलावर गर्दीत अडकलो तर उगाच रिक्षावाल्यावर खेकसले.

घरी सासूबाई मेथी निवडत होत्या. चपला काढायच्या आतच मी म्हणाले, "आई, मला शुगर नाही. कधीच नव्हती. गोळी मनाची होती."

"ठाऊक हाय," मान वर न करता त्या म्हणाल्या. त्यांचं माहेर सिन्नरकडचं, बोलणं अजून तसंच. "लग्नाघरी जिलबीवर कशी तुटून पडतीस, ते काय दिसत नाय व्हय मला?"

"मग तो चहा?"

"तू पीत व्हतीस गुमान. म्हटलं, तुला तेच बरं वाटत असंल."

मला हसावं की भांडावं कळेना. "आणि आता ही डॉक्टरीण म्हणते, काही कमी नव्हतंच!"

त्यांचा हात थांबला. "कमी नव्हतं कसं? लेकरू कमी झालं ना आपलं."

आपलं, म्हणाल्या त्या. इतक्या वर्षांत या घरात त्या बाळाबद्दल कोणी पहिल्यांदा बोललं होतं. मी तिथेच मेथीच्या काड्यांत बसले आणि हमसून हमसून रडले. मला वाटलं, आता म्हणतील, पुरे, गप हो.

"रड," त्या म्हणाल्या. "तवा आम्ही रडू दिलं नाय तुला."