त्याग आणि धपाटं

ती मुलगी मला लातूरच्या एका समुपदेशन केंद्रात भेटली. डॉक्टरकीच्या क्लाससाठी देगलूरहून आलेली, आणि इथे आल्यावर तिचं जेवणच सुटलेलं. मी विधुर, निवृत्त शिक्षक. पत्नी गेल्यावर तिच्या नावाने मी तिचा आवडता पदार्थ सोडला; आपल्याकडे सोडतात तसा. पण एका पदार्थावर माझं भागेना. आंबा, मग धपाटे, मग भात असं सोडत सोडत मी चहा-बिस्किटांवर आलो. त्र्याण्णवच्या भूकंपातही न गेलेली भूक अशी गेली. मला वाटे, चेहऱ्यावर तेज येतंय. लेकीला नुसती गालफडं दिसली. तिने मला इथे ओढत आणलं.

केंद्रातल्या बाई सगळ्यांना पंगतीला बसवत. जो पदार्थ टाळायचा, तोच ताटात, रोज थोडा. हा उपचार तपासून पारखलेला आहे, असं त्या सांगत. माझ्या शेजारी ती मुलगी धपाट्याचे डाळीएवढे तुकडे करून ताटाच्या कडेला रांगेने मांडायची.

"काका, तुम्हाला काय झालंय?" तिने एकदा विचारलं.

मी घसा साफ केला आणि त्यागावर बराच वेळ बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही जेवला न्हाई की व्रत, अन् मी जेवले न्हाई की आजार?"

बाई हसू दाबत पुढे वाढायला गेल्या. मी धपाटं मोडून घास तोंडाशी नेला.

"थांबा," ती म्हणाली, "मी बी घेते. न्हाईतर तुम्ही एकटेच बरे होऊन जाल."

डोळे घट्ट मिटून तिने एक तुकडा तोंडात घातला आणि ती चावत राहिली. त्यावरही मी काहीतरी गंभीर बोललो असतो. पण माझ्याही तोंडात घास होता.